आरओ फुटून घरभर पाणी झालं, आता किचनची फरशी फोडायची का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या लक्षात आलं ते असं, काही चुकत असेल तर सांगा. गणपतीला चार दिवस गावी गेलात, मागे आरओच्या बाहेरचं ते प्री-फिल्टरचं हाउसिंग, म्हणजे फिल्टर बसतो ती प्लास्टिकची वाटी, तडकलं, परत येऊन दार उघडलं तर किचन, पॅसेज आणि निम्मा हॉल पाण्यात. दिवसभर वायपर मारून, पोछा पिळून सगळं कोरडं केलंत. आता बारा दिवसांनी खालच्या काकूंच्या किचनच्या छताला तपकिरी डाग आलाय, तुमच्या स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीच्या, वर पांढरी पावडर दिसतेय, ट्रॉलीच्या खालच्या फळ्या फुगल्यात आणि मधूनच सगळ्या घराची लाइट जाते. एका कॉन्ट्रॅक्टरने किचनची पूर्ण फरशी फोडून वॉटरप्रूफिंग करायला ८५ हजार सांगितलेत आणि काकू म्हणतात रविवारपर्यंत आमचं छत रंगवून द्या.

मी वॉशिंग मशीन आणि आरओच्या रिपेअरिंगपासून सुरुवात केली, गेली तेरा-चौदा वर्षं पुण्यात लीकेज शोधणं आणि वॉटरप्रूफिंग हेच काम आहे. तरी तुमचं घर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी "असं असेल तर असं" अशाच सांगाव्या लागतील.

आधी लाइटचं, कारण बाकी सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल पण हे नाही. मेन बोर्डवर जो ईएलसीबी किंवा आरसीसीबी असतो, टेस्टचं छोटं बटण असलेला, तोच ट्रिप होत असणार. घरगुती आरसीसीबी बहुतेक ३० मिलिअँपचा असतो, म्हणजे तेवढा करंट भलत्या वाटेने जायला लागला की तो पडतो. तो बिघडलेला नाही, तो त्याचं काम करतोय. सगळे एमसीबी, म्हणजे बोर्डवरचे एकेका लाइनचे छोटे स्विच, खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा. जो चढवल्यावर आरसीसीबी पडेल ती लाइन बंदच ठेवा, तेवढ्या पॉइंटवर काही लावू नका. यात एक गोम आहे, साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, गळती न्यूट्रलकडून असली तर या पद्धतीने नीट सापडत नाही, मग इलेक्ट्रिशियनला मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, घेऊन बोलवा आणि प्रत्येक लाइनचं इन्सुलेशन तपासून घ्या. फरशीखालून जाणाऱ्या कंड्युइटमध्ये, म्हणजे वायरच्या पाइपमध्ये, पाणी शिरलं की ते बेंडमध्ये साचून राहतं आणि पुढे कित्येक दिवस हा त्रास देतं. कुणी म्हणालं "सारखा पडतोय ना, काढून डायरेक्ट करून देतो" तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. ट्रॉलीच्या मागे ओव्हन किंवा फ्रिजचा सॉकेट खाली असेल तर तोही उघडून बघायला सांगा, आत गंज किंवा हिरवट थर दिसला तर बदलायचा, पुसून परत लावायचा नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही विचारलंय फरशी फोडायची का. माझ्या मते त्याच्या आधीचा प्रश्न वेगळाच आहे: खाली जे पाणी दिसतंय ते त्या चार दिवसांचं जुनं पाणी आहे की अजून कुठून नवीन येतंय? जुनं असेल तर ते वाळवायचं, फोडायचं काही नाही. नवीन असेल तर त्याचा उगम शोधायचा, आणि तो फरशीखाली नसेल तरीही फोडायचं नाही. बघा, दोन्हीकडे पहिलं उत्तर "थांबा" असंच येतंय, आणि कॉन्ट्रॅक्टरला नेमकं तेच नको असतं. त्याला वाईट म्हणत नाही मी, त्याला फोडण्याचे आणि बसवण्याचे पैसे मिळतात, थांबण्याचे कोण देणार.

पाणी कुठे बसलंय ते समजलं की बाकीचं सोपं होतं. वर टाइल, साधारण ८-१० मिलिमीटर. तिच्याखाली सिमेंट-वाळूचा बेड, दीड-दोन इंचांचा, आणि त्याखाली स्लॅब. तुम्ही पुसलंत ते टाइलच्या वरचं पाणी. पण त्याआधी किती तास ते सांध्यांतून आणि स्कर्टिंगच्या फटीतून खाली झिरपत होतं, आणि तो बेड म्हणजे स्पंजच समजा. साधा हिशोब करू. १२ बाय १० फुटांचं किचन म्हणजे ११ चौरस मीटर, बेड ४ सेंटिमीटर धरला तर जवळपास ४४० लिटर एवढं त्याचं घनफळ झालं, त्यात दहा टक्के जरी पाणी धरून राहिलं तरी ४४ लिटर. म्हणजे दोन मोठ्या बादल्या भरून पाणी तुमच्या कोरड्या, चकाचक, अनवाणी चालताना कळणारही नाही अशा फरशीखाली आजही असू शकतं. त्यातलं थोडं थोडं स्लॅबच्या बारीक फटींतून किंवा पाइपच्या कडेने उतरतं आणि आठ-दहा-पंधरा दिवसांनी खाली डाग म्हणून दिसतं. त्यामुळे बाराव्या दिवशी डाग आला म्हणजे बाराव्या दिवशी गळती सुरू झाली असं नाही.

आणि हे पाणी वर का येत नाही? व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीतच नाही म्हणा, अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणजे तिच्यातून वाफ होऊन बाहेर पडायलाही वाट नाही. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरलेलं असेल तर तीही वाट बंद. मग राहते फक्त कडेची फट, स्कर्टिंगची. तुम्हाला तिथे जी पांढरी पावडर दिसतेय ना, तो खार. पाणी सिमेंट-वाळूतले क्षार घेऊन कडेला येतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. दिसायला घाण दिसतं पण तुमच्यासाठी ती बरी खूण आहे, घर आपलं आपण वाळतंय. कोरड्या ब्रशने झाडून टाका. ओल्या फडक्याने पुसू नका, परत विरघळून भिंतीत जातो, आणि ॲसिड तर अजिबात लावू नका.

जुनं की नवीन, हे ठरवायला मी काय करतो ते सांगतो. सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे पेन्सिल. काकूंकडे जा, स्टुलावर उभं राहून डागाच्या बरोबर कडेने रेघ मारा, बाजूला बारीक अक्षरात तारीख लिहा, फोटो काढा. तीन दिवसांनी परत जा, डाग रेघेच्या बाहेर गेला असेल तर नवीन रेघ, नवीन तारीख. दोन आठवडे हे करा. जुनं पाणी असेल तर सुरुवातीला डाग एखाद दोन इंच वाढेल, मग थांबेल, मग मधून फिकट होत जाईल आणि कडेला गडद तपकिरी किनार राहील, चहाचा कप ठेवल्यावर टेबलावर राहते तशी. नवीन पाणी असेल तर मध्यभाग गडद आणि हाताला गार लागत राहील, रेघा ओलांडत जाईल. तपकिरी रंगाला घाबरू नका, काकूंना कुणीतरी "ड्रेनेजचं पाणी आहे" म्हणून सांगितलं असेलच, पण साधं पाणीसुद्धा स्लॅब, जुना रंग आणि धूळ यातून उतरताना तपकिरी होतंच.

काकूंकडे पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर मात्र आधी खालून हाताने दाबून बघा, कुठे पोट आलंय का. पोट आलं असेल तर तिथल्या लाइट बंद करून, खाली बादली धरून, सगळ्यात खालच्या जागी स्क्रू ड्रायव्हरने एक भोक पाडा आणि पाणी काढून टाका, नाहीतर एक दिवस अख्खा तुकडा ओट्यावर येईल.

दुसरी टेस्ट प्लंबरची. किचनच्या लाइनचा कंट्रोल व्हॉल्व्ह बंद करायचा, आरओ, मशीन, गिझरकडे जाणारे नळ बंद करायचे आणि एका पॉइंटला हातपंप आणि गेज लावून प्रेशर द्यायचं. दोन तास काटा जागेवर राहिला तर भिंतीतली पाइपलाइन ठीक. काटा उतरत गेला तर तुमच्याकडे आरओशी संबंध नसलेलं दुसरं लीकेज आहे आणि ते योगायोगाने आता उघडकीला आलंय. हजार-दोन हजारांचं काम आहे आणि ८५ हजारांच्या आधी करायलाच हवं. तिसरं म्हणजे सिंकचं ड्रेन. सिंक बुच लावून पूर्ण भरा, त्यात रांगोळीचा थोडा रंग टाका, सोडा, आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली ट्रॉलीत आडवे होऊन बघा.

हे ट्रॉलीत आडवं होणं मी एका फटक्यात शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका घरी असाच खालच्या मजल्यावर डाग होता, मी टाइल वाजवून बघितल्या, पोकळ वाजल्या, छाती ठोकून सांगितलं फरशी फोडावी लागेल. फोडली. बेड ओला होता, मी खूष, बघा म्हणालो ना! नवीन टाइल बसवून महिना झाला आणि डाग परत आला. मग त्या घरातल्या आजोबांनीच दाखवलं, ट्रॉलीच्या मागे आरओच्या रिजेक्ट, म्हणजे बाहेर टाकायच्या, पाण्याचा बारीक पांढरा पाइप सिंकच्या वेस्टमध्ये नुसता खोचलेला होता, क्लिप नाही, टेप नाही, आणि मशीन चालू झालं की तो हलून बाहेर यायचा आणि भिंतीवर पिचकारी मारायचा, पाणी भरलं की मशीन बंद आणि पिचकारीही बंद. मी गेलो तेव्हा मशीन बंद होतं. त्या फोडाफोडीचे पैसे मी परत केले, सगळे नाही, जमतील तेवढे. तेव्हापासून आधी आरओ चालू करून, दहा मिनिटं गप्प बसून ऐकतो.

समजा टेस्ट सगळ्या ठीक निघाल्या, म्हणजे पाणी जुनंच आहे. तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतंय, पण वाटणं वेगळं आणि गेज वेगळा. मग काम उरतं वाळवण्याचं, आणि इथे बहुतेक लोक दोन चुका करतात.

पहिली चूक, खिडक्या. आपल्याला लहानपणापासून सवय, ओलं आहे ना, मग खिडक्या उघडा. मार्च-एप्रिलमध्ये बरोबर आहे. आत्ता गणपतीनंतरच्या पावसात बाहेरची हवाच इतकी दमट असते की ती तुमच्या फरशीतून पाणी घेणार कुठून, उलट देऊन जाईल. दोरीवरचे कपडे दोन दिवसांत वाळत नाहीत त्या हवेत दोन इंचांचा बेड वाळेल का? ऊन पडलं की उघडा, पाऊस लागला की बंद करा. बंद करून एसी असेल तर ड्राय मोडवर लावा, त्याच्या ड्रेनखाली बादली ठेवली तर रोज किती पाणी निघतं ते दिसेल. किचनमध्ये एसी नसतो हे मला माहीत आहे, हॉलचा लावा, किचनचं दार उघडं ठेवा आणि जमिनीवर एक टेबल फॅन स्कर्टिंगच्या रेषेत वारा जाईल असा ठेवा, छताचा फॅन फारसा कामाचा नाही. पुण्यात डिह्युमिडिफायर भाड्याने मिळतो, आठ-दहा दिवस आणलात तर पैसे वसूल आहेत, पहिल्या दोन दिवसांत त्याची टाकी सारखी भरते, मग कमी कमी होत जाते.

दुसरी चूक, पाण्याला बाहेर यायला वाट न देता नुसता वारा मारणं. ट्रॉलीच्या खालची ती पुढची पट्टी असते ना, पायांना क्लिपने अडकवलेली, ती पहिल्यांदा काढा. आजच काढा. आतला वास घेतलात की कळेल. स्कर्टिंगच्या टाइलमधल्या एक सोडून एक काढता आल्या तर काढा, आणि दाराजवळ किंवा जिथे उतार आहे तिथल्या दोन टाइल्स कटर मारून, न फोडता, उचला. जुन्या टाइलचा मॅच मिळत नाही ही खरी अडचण आहे, त्यामुळे बिल्डरने लॉफ्टवर जादाच्या ठेवलेल्या चार टाइल्स आहेत का आधी बघा. नसतील तर ट्रॉलीखाली लपणाऱ्या टाइल्स उचला, तिथे उद्या कडप्पा लावला तरी कोण बघतंय. टाइल उचलल्यावर खालच्या बेडमध्ये बोट खुपसा, ओली रेती बोटाला चिकटली तर माझ्यावर विश्वास बसेल.

शेगडी, हीटर, हॅलोजन यातलं काही करू नका. विशेषतः बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून ओल घालवायचा प्रकार अजूनही लोक करतात, कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेत जातो, वासही येत नाही.

किती दिवस लागतील? आमच्या धंद्यात ढोबळ अंदाज असा की सिमेंटच्या एका इंचाला महिना, ते नवीन कामासाठी आहे पण भिजलेल्या बेडलाही फार वेगळं नसतं. डिह्युमिडिफायर आणि उघड्या टाइल असतील तर तीन आठवडे, नुसतं भगवान भरोसे सोडलंत तर दिवाळीच्याही पुढे. तळमजला असता, खालून जमिनीची ओल असती तर हिशोब वेगळा झाला असता. तुम्ही सातव्या मजल्यावर आहात, त्यामुळे ते नाही.

ट्रॉलीबद्दल वाईट बातमी अशी की फुगलेलं परत बसत नाही. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असेल तर बिस्कीट चहात पडल्यासारखं असतं ते, वाळलं तरी भुसाच, त्यात स्क्रू धरत नाही. प्लायवूड असेल तर बघावं लागेल, एमआर ग्रेडचं, ज्याला दुकानात कमर्शियल म्हणतात, त्याचे पदर सुटतात, बीडब्ल्यूपी म्हणजे ७१० नंबरचं वॉटरप्रूफ प्लाय असेल तर चार दिवसांत त्याला काही होत नाही, फक्त कडेचा लॅमिनेट उचकटतो आणि तो फेविकॉल लावून क्लॅम्प करता येतो. फुगलेल्या कडेला नखाने खरवडा, भुसा पडला तर बोर्ड, पातळ पापुद्रे निघाले तर प्लाय. पूर्ण ट्रॉली बदलायची गरज बहुतेक पडत नाही, खालची फळी आणि बाजूच्या फळ्यांचा खालचा अर्धा फूट बदलतात. पण हे सुताराचं काम फरशी वाळल्यावर, आधी नाही, नाहीतर नवीन फळ्या त्याच ओलीत ठेवाल.

ट्रॉलीच्या मागे काळी-हिरवी बुरशी असेलच, ओल्या लाकडावर दोन दिवसांत सुरू होते. मास्क लावून, डिटर्जंटच्या पाण्यात फडकं पिळून पुसा आणि फॅन लावा. घरात दम्याचं कुणी असेल तर त्यांना त्या दिवशी बाहेर पाठवा. ब्लीच वापरलंत तर नुसतं ब्लीच, टॉयलेट साफ करायचं ॲसिड त्यात मिसळू नका, क्लोरीनचा गॅस होतो.

८५ हजारांच्या कोटेशनबद्दल माझं मत सरळ आहे, आज नको. किचनची कोरडी बाजू म्हणजे बाथरूमसारखा खाली बसवलेला स्लॅब नव्हे, तिथे रोज पाणी साचत नाही, तिथे वॉटरप्रूफिंग करून तुम्ही पुढच्या आरओ फुटण्याची सोय करताय फक्त. मी फोडायला कधी सांगीन? प्रेशर टेस्टला काटा उतरला आणि लाइन फरशीखालून गेलेली असेल तर, तेही तेवढीच पट्टी. किंवा टाइल चालताना हलताहेत, दोन टाइलच्या कडा वर आल्यात, तर. किंवा सगळं वाळवून चार आठवड्यांनीही काकूंचा डाग पेन्सिल ओलांडतोय, तर. नुसतं नाणं वाजवून पोकळ आवाज आला म्हणून नाही, अर्ध्या पुण्याच्या टाइल पोकळ वाजतात, मिस्त्री बेड पूर्ण भरतच नाहीत.

आता काकू. हे प्लंबिंगपेक्षा अवघड आहे. एक गोष्ट मनाशी पक्की करा की पाणी तुमच्याकडून गेलंय, सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सदस्याचा असतो, बाहेरच्या सामायिक पाइप आणि ड्रेनेजच्या लीकेजचा सोसायटीचा. म्हणजे प्रेशर टेस्टमध्ये तुमच्या घरातलं सगळं बरोबर निघालं आणि डाग शाफ्टच्या, म्हणजे सामायिक पाइप जातात त्या डक्टच्या, बाजूला वाढत राहिला तर सोसायटीकडे जायचं, नाहीतर वाद न घालता "आम्ही करून देणार" हे आपणहून म्हणायचं. तुम्ही ते आधीच म्हटलंय, चांगलं केलंत. पण तारीख त्यांनी ठरवू नये. रविवारी पेंट केलात तर काय होईल सांगतो: ओल्या छतावर पुट्टी बसेल, वर प्लास्टिक पेंटचा थर बसेल, आतल्या ओलीला बाहेर यायची वाट नाही, महिना-दीड महिन्यात फोड येतील आणि पोपडे काकूंच्या पोळ्यांवर पडतील. मग त्या म्हणणार तुमचं लीकेज अजून चालूच आहे, आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसणार. हे असंच्या असं त्यांना सांगा, पेन्सिलच्या रेघा त्यांच्यासमोरच मारा, त्यांनाच तारीख लिहायला द्या. ज्याच्या हातात पेन्सिल असते तो जरा शांत होतो, हे माझं निरीक्षण आहे. आणि "छत कोरडं झालं की खरवडून, पुट्टी, प्रायमर आणि पूर्ण किचनच्या छताला पेंट आमच्या खर्चाने" असं व्हॉट्सॲपवर लिहून द्या, म्हणजे त्यांना वाटणार नाही की तुम्ही टाळताय. पूर्ण छत म्हणतोय कारण डागापुरता पॅच कधीच मॅच होत नाही.

छत कोरडं झालं हे कसं ओळखायचं? फूटभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक घ्या, डागाच्या जागी चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, २४ तास ठेवा. आतून बाष्प दिसलं तर अजून थांबा. लागोपाठ दोनदा कोरडं निघालं की पेंटरला बोलवा आणि आधी डागावर स्टेन रोखणारा ऑइल बेस प्रायमर मारायला सांगा, नाहीतर तपकिरी किनार नवीन पांढऱ्या रंगातून वर येते. खरवडताना प्लास्टर धपकन पडलं आणि आत गंजलेली सळई दिसली तर मात्र ते चार दिवसांचं काम नाही, ते वर्षानुवर्षांचं आहे, फोटो काढा आणि सोसायटीच्या इंजिनिअरला दाखवा, तो खर्च एकट्याने अंगावर घेऊ नका.

घराचा इन्शुरन्स आहे का बघा. होम लोनबरोबर गळ्यात मारलेला असतो आणि लोक विसरतात. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात, त्यात पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटून किंवा भरून वाहून झालेलं नुकसान धरलेलं आहे. झिजल्यामुळे वर्षभर टिपटिप गळत होतं तर ते वेगळं, अचानक फुटलं तर क्लेम करता येतो. मूळ पॉलिसी तुमच्या घरापुरती असते, काकूंच्या छतासाठी वेगळं कव्हर लागतं, एजंटला विचारा. आणि ते तडकलेलं हाउसिंग फेकलं नसेल अशी आशा आहे! फेकलं असेल तर फोटो तरी असतील. सर्व्हेअर पहिली गोष्ट तीच मागतो, सुताराने काढलेल्या फुगलेल्या फळ्याही त्याने बघेपर्यंत ठेवा.

आता ते फुटलं का. तुम्ही म्हणालात बिल्डिंग बावीस मजल्यांची आहे. पाण्याचा १० मीटरचा स्तंभ म्हणजे साधारण एक किलो प्रेशर, सातव्या मजल्यावर तुमच्या डोक्यावर पंधरा मजले, मजल्याला तीन मीटर धरले तर ४५ मीटर, म्हणजे साडेचार किलो, जर मधे प्रेशर कमी करणारा पीआरव्ही नसेल किंवा बिघडला असेल तर. दिवसा सगळे नळ चालू असतात तेव्हा हे जाणवत नाही, रात्री दोन वाजता सगळी बिल्डिंग झोपलेली असते तेव्हा पूर्ण दाब त्या प्लास्टिकच्या वाटीवर येतो. त्यात सर्व्हिसवाला पोरगा प्रत्येक वेळी कॅण्डल बदलताना पाना लावून कचकचून आवळतो, आतल्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी रिंगला, हाताने आवळणं पुरतं खरं म्हणजे, आणि मग चुडीच्या, म्हणजे आट्यांच्या, वरच्या कडेला केसासारखी तडक जाते जी दिसत नाही, एक दिवस फाकते. आरओच्या लेबलवर इनलेट प्रेशरची मर्यादा लिहिलेली असते, प्लंबर गेज लावेल तेव्हाच रात्रीचं प्रेशर मोजून घ्या, जास्त निघालं तर सोसायटीला पीआरव्हीचं पत्र द्या, कारण मग फक्त तुमच्याकडे नाही, त्या झोनमध्ये सगळ्यांकडेच फुटणार आहे. तोपर्यंत आरओच्या आधी छोटा प्रेशर व्हॉल्व्ह बसतो, काहीशे रुपयांचा.

वॉशिंग मशीनचा नळ धुणं झालं की बंद, इनलेट पाइपला फुगवटा दिसला की बदला, फ्रिजमागचा ट्रे आणि एसीचा ड्रेन वर्षातून एकदा साफ, आणि गावी जाताना घराचा मेन कॉक बंद. एवढंच, यावर जास्त लिहीत नाही.

हाउसिंगची किनार आणि आतली चुडी नीट दिसेल असा फोटो टाका, पाना लावल्याच्या खुणा आहेत का बघायच्यात. बाकी पहिल्या रेघेचा फोटो, चौदाव्या दिवसाचा फोटो आणि दोन तासांत काटा किती उतरला एवढं लिहा, मग फोडायचं का आणि कुठे ते बघू.